आप्पांचा मूकपट आणि मी दुभाषा

माझ्या थोरल्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी एका शब्दात मोडलं, आणि तो शब्द 'करेक्ट' हा होता.

(शिवीगाळ करून मोडलं असतं, तर निदान घरात थोडा दरारा तरी राहिला असता!)

सगळं सुरू झालं आमच्या आप्पांच्या घशापासून. आप्पा म्हणजे माझे वडील. आमची शेती खुलताबादला, आणि आप्पांचा आवाज असा की त्यांनी बांधावरून गड्याला हाक मारली, तर वेरूळच्या रस्त्यावरचा मोटारसायकलवाला ब्रेक दाबायचा. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही त्यांनी आवाजाचं माप बदललं नाही. 'चहा झाला का?' असं ते बाहेरच्या खोलीतून विचारायचे आणि खालच्या मजल्यावरून सलीमचाचांच्या घरातून उत्तर यायचं, "हमारा हो गया, आप्पा! आपका देखो!"

आयुष्यभराच्या या हाकांनी शेवटी स्वरयंत्रावर गाठ आणली. गाठ साधी निघाली, डॉक्टरांनी काढलीही. पण नंतर त्यांनी बोट नाचवत बजावलं, "मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही. खाकरायचं नाही, खदखदून हसायचं नाही. आवाज परत हवा असेल तर तोंडाला कुलूप!"

आईनं घाबरून हात जोडले. सलीमचाचांनी वर येऊन तब्येतीची चौकशी केली आणि "बहुत बुरा हुआ" असं म्हणाले, पण त्यांचा चेहरा मात्र ईदच्या चंद्रासारखा खुलला होता.

आता आप्पांनी बोलायचं कसं? आईनं पाटी-पेन्सिल आणून दिली. आप्पांचं अक्षर बघून आई म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय का चिमणी चालून गेली?" मोबाईलवर लिहायला दिलं तर एका बोटानं 'पाणी' हा शब्द होईपर्यंत त्यांची तहान मरायची. मग दोन दिवस ते नुसतेच खुर्चीत बसून राहिले. एवढा मोठा माणूस आणि आवाज नाही. घरात कसंसंच व्हायला लागलं.

इथं माझी एन्ट्री होते.

मी क्रांती चौकात एका विमा एजंटाच्या ऑफिसात काम करतो, पण ती माझी खरी ओळख नाही (असं मी मानतो). माझी खरी ओळख म्हणजे मी चित्रपटांचा अभ्यासक आहे. मी पुण्याला जाऊन एक छोटा रसग्रहणाचा कोर्स केलाय, आणि इथं आमचं एक चित्रपट मंडळही आहे. सभासद पाच. त्यातले दोघं चहासाठी येतात. मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, तुम्ही बोलू शकत नाही ना? मग मी तुम्हाला न बोलणारेच सिनेमे दाखवतो!"

आणि मी टीव्हीवर जुने विनोदी मूकपट लावले. काळे-पांढरे, फडफडणारे, शंभर वर्षांपूर्वीचे. कुठं एक फाटका माणूस हॉटेलात शिरतोय, वाढपी त्याला हाकलतोय, आणि त्या गोंधळात शेजारच्या टेबलावरच्या गलेलठ्ठ शेटजीच्या टकलावर सूप सांडतंय. कुठं एक हवालदार गरिबाच्या मागं पळता पळता स्वतःच हौदात पडतोय.

आप्पा पहिली पाच मिनिटं कपाळाला आठ्या घालून बसले. सूप सांडलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हवालदार हौदात पडला तेव्हा त्यांनी गळ्यातलं उपरणं तोंडात कोंबलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि सोफा असा काही हलायला लागला की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. "संज्या, बंद कर ते! घसा जाईल त्यांचा!"

मी तिकडं लक्ष दिलं नाही, कारण मी रसग्रहण करत होतो. "आप्पा, हे नुसतं हसू नाही हां. यात सामाजिक संदेश आहे! बघा, सूप कुणाच्या डोक्यावर सांडलं? श्रीमंताच्या! भाषण न करता दिग्दर्शक म्हणतोय की पोट सगळ्यांना सारखंच असतं. शब्दानं सांगितलं असतं तर शेटजीनं कोर्टात खेचलं असतं. हसवून सांगितलं, तर शेटजीच तिकीट काढून बघायला आला!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं, आणि ओठांवर बोट ठेवलं. (मी याचा अर्थ 'फार खोल विचार आहे' असा लावला. माझी भाषांतराची कारकीर्द इथंच सुरू झाली.)

पण आप्पा त्या दिवसापासून खुलले, हे खरं. पाणी पाहिजे असेल तर वाळवंटात भटकल्यासारखे लटपटत स्वयंपाकघरात यायचे. भाजीत मीठ जास्त झालं तर छातीला हात लावून जमिनीवर पडायचे. आई पहिल्यांदा किंचाळली, दुसऱ्यांदा म्हणाली, "उठा, पुसून घेतलंय मी आत्ताच."

आणि ह्या सगळ्यात ताईच्या लग्नाची बैठक येऊन ठेपली.

ताई म्हणजे ज्योतीताई. वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिथंच अमोल नावाचा मुलगा काम करतो. दोघांचं एकमेकांशी वर्षभरापूर्वीच ठरलं होतं, आता फक्त मोठ्यांचं ठरायचं होतं. ताईनं अमोलला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "देण्याघेण्याचा विषय निघाला, तर त्याच मिनिटाला आपलं संपलं." अमोल कबूल होता. आप्पांना तर लेकीच्या ह्या अटीचा एवढा अभिमान, की आवाज होता तेव्हा त्यांनी ती अख्ख्या गल्लीला ऐकवली होती.

"बैठक पुढं ढकलू या," आई म्हणाली. "ह्यांचा आवाज आल्यावर बघू."

"आई, नको," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "अमोलच्या मामांनी दुसरं एक स्थळ आणलंय. पेट्रोल पंपवाल्यांचं. आपण ढकललं की ते मामा तिकडं ढकलणार."

"मग बोलणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दुसरं कोणी दिसतंय का, म्हणून इकडं तिकडं बघितलं. मग नाइलाजानं पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"मी आहे की! आप्पा खुणा करतील, मी सांगेन. मूक अभिनय हा माझ्या अभ्यासाचाच विषय आहे!"

ताई डोळे मिटून म्हणाली, "संजू, वाट्टेल ते कर. पण हे लग्न माझं आहे, एवढं लक्षात ठेव."

रविवारी सकाळी पाहुणे आले. अमोल, त्याचे वडील माणिकराव आणि ते उत्तममामा. (अमोलची आई थोरल्या लेकीच्या बाळंतपणात अडकली होती. ती आली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं ती आजही म्हणते.) माणिकराव पैठणकडचे शेतकरी. उंच, काळेसावळे, बोलायला कमी. बैलांचा शौक. ते हात जोडून बसले ते बसलेच. त्यांच्या वाटचंही मामाच बोलत होते.

आप्पांच्या घशाचं मी सांगितलं. माणिकरावांनी "हां हां, आराम करा" म्हणून मान हलवली. इमरती आली, चिवडा आला. ताई येऊन नमस्कार करून आत गेली. सगळं छान चाललं होतं.

आणि मामांनी इमरतीचा तुकडा मोडत सुरुवात केली, "आता बाकीचं बी बोलून घ्यावं म्हन्तो. आमचं तसं काय मागणं नाय बरं का! पण चार लोकं विचारतेत, पोरीच्या बापानं काय केलं म्हणून. तुमाला काय वाटतं, आप्पा?"

आतल्या खोलीतला कपबशांचा आवाज थांबला. आई पदराचं टोक पिळायला लागली. अमोल ताडकन म्हणाला, "मामा, हे ठरलं नव्हतं!" माणिकराव मेहुण्याकडं बघायला लागले. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती, पण ती कुणावर, हे काही कळेना.

आप्पांनी शांतपणे हात वर केला. थांबा. मी बोलतो.

ते उठून खोलीच्या मध्यभागी आले. आदल्या दिवशी दार लावून आरशासमोर त्यांनी तालीम केली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गाडी चालवली. मग अंगठ्यानं नोटा मोजल्या. मग तिन्ही पाहुण्यांकडं हात केला आणि दोन्ही तळवे मोकळे करून झटकले.

आता सरळ आहे की नाही? 'माझी लेक स्वतःची गाडी स्वतः चालवते, स्वतः कमावते. तुम्हाला द्यायला माझ्याकडं काही नाही.' आईला कळत आलं होतं. अमोललाही कळत आलं होतं. मला कळलं नाही, कारण मी त्यांच्या हातांची लय बघत होतो! काय तो अभिनय! आणि मी एकेक खूण आली तशी मोठ्यानं वाचत गेलो, "ताई... गाडी... पैसे... तुम्हाला... मोकळ्या हातानं!"

मामांच्या हातातली इमरती हातातच राहिली. "म्हंजे पोरीसंगं गाडी, वर रोख, आन ते बी मोकळ्या हातानं?"

खोलीत कुणालातरी काहीतरी समजलं, या आनंदात मी म्हणालो, "करेक्ट!"

त्यानंतर जी शांतता झाली, तशी शांतता मी कोणत्याही मूकपटात ऐकलेली नाही.

आप्पांचे डोळे मोठे झाले. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. काही नाही! रिकामे!

"अरारा!" मामा गहिवरले. "खिसे रिकामे करायला निघाला बाप! असा माणूस नाय पाहिला!"

आप्पांनी घाईघाईनं दोन्ही हातांनी मोठं शून्य केलं.

"पाटल्या बी?"

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

"नशीब म्हन्तेत आमचं!"

"मामा, नाही, तसं नाही ते..." मी बोलायला लागलो, पण तेवढ्यात ताई बाहेर आली. हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं टेबलावर ठेवला. कप हिंदकळले.

"आप्पा," ती म्हणाली, "माझा भाव किती ठरला, तेवढं मला कळू द्या."

"ज्योती, मला खरंच काही माहीत नव्हतं," अमोल उभा राहिला.

"माहीत नव्हतं आणि बसून ऐकत होतास?"

तेवढ्यात माणिकराव उठले. घरात आल्यापासून त्यांनी पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "ऊठ रं अमोल. आमचा पोरगा इकाऊ नाय. गाडी दाखवून इकत घ्यायला बसलेत का हे लोक? इज्जतीवर आलं आता. चल!"

म्हणजे बघा! ज्यांना काही नको होतं त्यांना, ज्यांना काही द्यायचं नव्हतं त्यांच्यातर्फे, मी गाडी देऊन बसलो होतो! माणिकराव चपला घालून जिन्यात. अमोल त्यांच्या मागं. मामा तेवढे बशीकडं बघत रेंगाळले.

आप्पांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. आता ते ओरडणार! आई झेपावली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबून धरलं. "नका हो! जन्माचा आवाज जाईल!"

आप्पा क्षणभर आईकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसण्याचं नव्हतं. मग त्यांनी आईचे हात हळूच बाजूला केले, ओठ घट्ट मिटले आणि अनवाणीच जिन्यावरून धावत सुटले. मी मागं, आई माझ्या मागं, ताई आईच्या मागं.

खाली माणिकराव गाडीत बसले होते. अमोल दार धरून त्यांना विनवत होता. गाडी सुरू झाली, आणि आप्पा बॉनेटवर दोन्ही हात टेकून तिच्यासमोर उभे राहिले. खिसे अजून बाहेर लोंबत होते. मान हलवताहेत, हात हलवताहेत, तोंडातून आवाज नाही.

सलीमचाचा दारात आले. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि ओरडले, "या अल्ला! आप्पा को फिट आया! कांदा लाओ रे, कांदा!" आणि आतून कांदा आणून, बुक्कीनं फोडून, त्यांनी तो आप्पांच्या नाकाला लावला. आता आप्पा बॉनेट सोडून चाचांशी झटायला लागले. चाचा म्हणाले, "देखो, कितना जोर कर रहे! पकडो!" दोन शेजाऱ्यांनी पकडलं. गल्लीत पाणीपुरवठ्याचा टँकर येऊन हॉर्न मारायला लागला. गच्च्यांवर माणसं जमली.

"चाचा, फिट नाही! ते बोलताहेत!" मी पुढं घुसलो. "थांबा, मी सांगतो ते काय म्हणताहेत ते!"

"तू गप!" आई, ताई आणि अमोल एका सुरात ओरडले. (दोन घरांचं एकमत म्हणतात ते तिथं पहिल्यांदा झालं.)

आप्पांनी स्वतःला सोडवलं. माझ्या तोंडावर तळवा ठेवून मला टँकरच्या दिशेनं लोटलं. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. जिन्यातून उत्तममामा येत होते. तोंडात उरलेली इमरती होती.

आप्पांनी मामांचा दंड धरून त्यांना गाडीसमोर उभं केलं. त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मागं जाऊन मान तिरकी करून बघितलं. पाठीवर थाप मारली. मग हनुवटी धरून त्यांचं तोंड उघडलं आणि आत वाकून, एकेक करून दात बघायला लागले!

"अवो! आं... आं... अवो, हे काय?" मामांच्या तोंडातून इमरतीचा पाक ओघळला.

आप्पांनी त्यांच्या सदऱ्याचं मागचं टोक धरून शेपटासारखं पिळलं. मामा उडाले. गच्चीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. माणिकराव गाडीतून वाकून बघायला लागले.

आप्पा त्यांच्या खिडकीशी आले. माणिकरावांचा हात धरला, त्यावर आपलं उपरणं टाकलं आणि उपरण्याखाली त्यांची बोटं दाबली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. असाच कपड्याखाली हात धरायचा आणि बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना कळत नाही. माणिकरावांची जिंदगी ह्या बाजारात गेलेली. उपरण्याखाली हालचाल झालेली मला स्पष्ट दिसली.

आप्पांनी एकदम उपरणं उपसलं आणि जमिनीवर फेकलं. फाटकाशी उभ्या असलेल्या ताईकडं हात केला. अमोलकडं केला. मग दोन्ही हात जोडून, ओठ मिटून, नाही नाही अशी मान हलवली. हा बाजार नाही. माझ्या दारात हा बाजार नाही.

टँकरवाल्यानंही हॉर्न थांबवला.

माणिकराव आपल्या हाताकडं बघत होते. जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात होता. ताईनं आईचं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की आईच्या बांगड्या रुतल्या.

"मायला," माणिकराव हळूच म्हणाले. "मी भाव सांगितला."

"काय, बाबा?" अमोलनं विचारलं.

"अरं, ह्यांनी बोटं दाबली आन मी बी दाबली! पोरगा इकाऊ नाय म्हणून तणतणत खाली आलो, आन उपरणं पडताच माझ्या हातानं भाव सांगितला की रं!" आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग गाडीच्या दारावर थापा मारत. "आप्पा, म्हंजे द्यायचं नाय, घ्यायचं नाय, असंच ना?"

आप्पांनी एवढ्या जोरात मान डोलावली की चाचा पुन्हा कांदा घेऊन सरसावले.

"आन ती गाडी?" मामांनी तोंड पुसत विचारलं.

"तू मागं जाऊन बस," माणिकराव म्हणाले. "दात दाखवून झालेत तुझे."

मग मात्र सगळी गल्ली हसली. आप्पांनी धूळ झटकून उपरणं उचललं आणि तोंडात कोंबलं. ते गदागदा हलत होते, चाचा त्यांना धरून हलत होते, आई एकीकडं हसत होती आणि एकीकडं "घसा! घसा!" करत होती. फक्त ताई हसत नव्हती. अमोल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

ताई त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चहा गार झालाय वरचा. दुसरा ठेवते. ह्या वेळी तू येऊन गाळायचा."

अमोल जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

मी त्या रात्री आप्पांना म्हणालो, "आप्पा, मी म्हणत होतो ना, हसवून सांगितलं की संदेश कसा पोचतो ते!" त्यांनी माझ्याकडं एक नजर टाकली. तिचं भाषांतर मी करत नाही. करायची मला मनाई आहे.

पुढं डॉक्टरांनी घसा तपासला आणि बोलायला परवानगी दिली. आप्पांचं पहिलं वाक्य ऐकायला आम्ही सगळे, सलीमचाचांसकट, गोळा झालो. आईच्या हातात देवापुढची साखर होती. आप्पा खुर्चीत नीट बसले, सगळ्यांकडं बघितलं आणि मऊ, अगदी परक्या वाटणाऱ्या आवाजात म्हणाले, "पंखा कमी करा, थंडी वाजतीय." चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लग्न पार पडलं. कामांची वाटणी ताईनं स्वतः केली होती. पाहुण्यांशी बोलणं, भटजींशी बोलणं, माईकवर बोलणं, थोडक्यात जिथं तोंड उघडावं लागतं ती सगळी कामं तिनं दुसऱ्यांना दिली आणि मला मंगल कार्यालयाच्या मैदानात गाड्या लावायला उभं केलं. "हाताच्या खुणांचंच काम आहे," ती म्हणाली. "तेवढं तरी जमेल ना?"

जमेल म्हणालो. शिट्टी घेतली, बाह्या सरसावल्या. पहिली गाडी आली ती नवरदेवाची, फुलांनी मढवलेली. तिला मागं घ्यायचं होतं. मी आडवा हात करून, पंजा हलवून, मोठ्या तोऱ्यात खुणा करत राहिलो, आणि ती गाडी नवरदेवासकट, एका लयीत मागं मागं जात, आचाऱ्याच्या तंबूत शिरली आणि वरणाच्या पातेल्यावर जाऊन थांबली.

मला तर वाटत होतं, मी 'थांबा' म्हणतोय.